मदरबोर्ड बदलताना जुना पीसीआय स्लॉट ठेवायचा की सोडायचा?

मदरबोर्ड बदलायचं ठरवलं त्या दिवशी माझ्या कॅबिनेटमध्ये तीन पीसीआय कार्डं होती, म्हणजे मदरबोर्डावरच्या पीसीआय नावाच्या जुन्या पद्धतीच्या स्लॉटमध्ये बसणारी जोडकार्डं. वरच्या स्लॉटमध्ये आठ इनपुट-आउटपुटचं साउंड कार्ड. त्यावर मी घरच्यांच्या आणि ओळखीच्यांच्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घेते. मधल्या स्लॉटमध्ये दोन सिरियल पोर्टांचं कार्ड, पाऊस, वारा आणि तापमानाच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रासाठी. खालच्यात स्कझी (जुने स्कॅनर आणि डिस्क जोडायची पद्धत) कार्ड, निगेटिव्ह वाचणाऱ्या फिल्म स्कॅनरसाठी. बोर्ड २०१२ सालच्या बी७५ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरचे भाग प्रोसेसरशी जोडणारी मुख्य चिप). प्रोसेसर थकला होता, मेमरीचे सगळे स्लॉट भरले होते, पण तिन्ही कार्डं ठणठणीत होती.

तेव्हा एक चूक झाली, ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. नवा बोर्ड शोधताना मी पहिलीच अट घातली की पीसीआय स्लॉट हवा. त्या एका अटीपायी प्रोसेसर, एम.२ (छोट्या एसएसडी डिस्कची जागा), यूएसबी अशा सगळ्या बाबतींत तडजोड केली आणि जो स्लॉट मिळाला तो माझ्या कामाला उपयोगी पडला नाही. आज त्या तीन कार्डांपैकी एक नव्या मशीनला जोडलेलं आहे, एकाची गरजच उरली नाही आणि एक जुन्या मशीनमध्येच राहिलं आहे. तिघांचं उत्तर वेगळं आलं. बोर्ड निवडण्याआधी कार्डांची झडती घेतली असती तर ते मला आधीच कळलं असतं.

स्लॉट ओळखा

कॅबिनेट उघडून आधी नेमका कुठला स्लॉट आहे ते बघा. लांब, काळा, बहुधा दोन तुकड्यांचा तो आयएसए. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीबरोबर तो ८-बिट रूपात आला आणि १९८४ च्या पीसी-एटीमध्ये १६-बिट झाला. बहुतेक वेळा पांढरा दिसतो तो पीसीआय. इंटेलने तो १९९२ मध्ये आणला. ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्‌झ, आणि सगळ्या कार्डांना मिळून सेकंदाला १३३ एमबी. मागच्या पट्टीपासून थोडा आत सरकलेला, एकटाच असलेला तपकिरी स्लॉट म्हणजे एजीपी, १९९७ चा, फक्त ग्राफिक्ससाठी. २००४ पासून बोर्डांवर आला तो पीसीआय एक्सप्रेस, आणि तो आजही चालू आहे. पहिल्या पिढीचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड आजच्या स्लॉटमध्येही बसतं आणि चालतं, त्यामुळे तशी कार्डं या यादीतून काढून टाका. नावात साम्य असलं तरी पीसीआय आणि पीसीआय एक्सप्रेस एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत.

एजीपीबद्दल फार विचार करू नका. त्यातल्या कार्डाचं काम आजच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्सही सहज करतं. त्या काळातले गेम त्याच कार्डावर खेळायचे असतील तर त्या काळातलं अख्खं मशीनच सांभाळावं लागतं. आयएसएचंही जवळपास तसंच. औद्योगिक वापरासाठी आयएसए स्लॉट असलेले बोर्ड बनतात, पण ते घेताना त्या स्लॉटवर डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता कार्डाने थेट मेमरीशी देवाणघेवाण करणं) चालतं का हे मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुन्या आयएसए साउंड कार्डांना आणि मोजमापाच्या कार्डांना डीएमए लागतं. शिवाय काहींना उणे ५ व्होल्ट लागतात आणि आजच्या एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) ती तार निघतच नाही. आयएसए कार्डावर एखादं यंत्र चालत असेल तर त्याचं जुनं मशीन मोडू नका, एवढंच मी सांगेन.

खरी घालमेल होते ती पीसीआयची. कार्ड अजून चालत असतं, कधीकधी त्याचा ड्रायव्हरही मिळतो, फक्त बसवायला जागा नसते.

कार्डाचं काम तपासा

कागद घ्या आणि प्रत्येक कार्डापुढे लिहा: गेल्या वर्षभरात हे कशासाठी वापरलं? आठवत नसेल तर वापरलेलं नाही. नेटवर्क कार्ड, वाय-फाय कार्ड, यूएसबी २.० पोर्टांचं कार्ड, साटा कार्ड, डायल-अप मोडेम, या सगळ्यांवर बिनदिक्कत काट मारा. ती कामं आजच्या बोर्डावरच होतात आणि जास्त वेगाने होतात. एका गिगाबिट नेटवर्क कार्डाला एका दिशेने सेकंदाला १२५ एमबी लागतात, म्हणजे तेवढ्यानेच पीसीआयचा सगळा रस्ता अडतो. फायरवायरचं कार्ड पीसीआय एक्सप्रेसमध्येही मिळतं, त्यामुळे जुन्या कॅमेऱ्यासाठी स्लॉट राखून ठेवायची गरज नाही.

यादीत उरतील ती कार्डं बहुधा एखाद्या यंत्राला बांधलेली असतात. मग पुढचा प्रश्न, हेच काम दुसऱ्या वाटेने होतं का? आणि तिसरा, नव्या मशीनवर जी ऑपरेटिंग सिस्टिम चालवणार आहात तिच्यासाठी ड्रायव्हर आहे का?

तिसऱ्या प्रश्नावरच बहुतेक कार्डं गळतात, म्हणून तो आधी सोडवा. कार्ड जुन्या मशीनमध्ये असतानाच त्याचा ओळख क्रमांक लिहून घ्या. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये डीटेल्सच्या पानावर हार्डवेअर आयडीज निवडा. तिथे 'व्हेन' आणि 'डेव्ह' या अक्षरांपुढे चार-चार अक्षरांचे दोन आकडे दिसतात. लिनक्समध्ये एलएसपीसीआय ही कमांड एनएन पर्यायासह चालवली की तेच आकडे चौकोनी कंसात येतात. माझ्या साउंड कार्डाचे आले १४१२ आणि १७१२. खोक्यावरच्या नावापेक्षा हे आकडे महत्त्वाचे, कारण एकाच नावाच्या कार्डात वेगवेगळ्या वर्षी वेगळी चिप असू शकते आणि ड्रायव्हर चिपचा असतो.

विंडोज ११ फक्त ६४-बिट रूपात येतं. ६४-बिट विंडोज ३२-बिट ड्रायव्हर चढवत नाही आणि सही नसलेलाही चढवत नाही. कार्ड बनवणाऱ्याने ६४-बिट ड्रायव्हर काढलाच नसेल तर बोर्डावर दहा पीसीआय स्लॉट असूनही काही होणार नाही. लिनक्समध्ये जुनी कार्डं जास्त काळ टिकतात. माझ्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आजही आहे. त्या चिपचे पत्ते २८ बिटांचे, म्हणजे तिचा हात मेमरीच्या पहिल्या २५६ एमबीपर्यंतच पोचतो. माझ्या नव्या मशीनमध्ये ३२ जीबी आहे. ड्रायव्हर दर वेळी त्या पहिल्या २५६ एमबीमध्ये जागा राखून काम चालवतो. ज्यांनी हा ड्रायव्हर इतकी वर्षं जपला त्यांच्याविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते.

पीसीआय स्लॉटमागची ब्रिज चिप

ही गोष्ट मला कुणी आधी सांगायला हवी होती. दोन बोर्डांवरचे पांढरे स्लॉट दिसायला सारखेच असतात, पण आत फरक असतो. पूर्वी पीसीआय चिपसेटमध्येच असायचं. इंटेलने २०११ च्या ६-मालिकेत एच६७ आणि पी६७ या घरगुती चिपसेटमधून ते काढलं, पण कार्यालयांतल्या मशीनसाठीच्या क्यू६७ आणि बी६५ मध्ये ठेवलं. २०१२ ला पुन्हा तसंच, बी७५ मध्ये होतं, झेड७७ मध्ये नव्हतं. २०१३ च्या ८-मालिकेपासून ते सगळीकडूनच गेलं. त्यानंतरच्या इंटेल बोर्डावर पीसीआय स्लॉट दिसला, तर बोर्ड बनवणाऱ्याने पीसीआय एक्सप्रेसची एक लेन (सिग्नलची एक वाट) घेऊन मध्ये ते सिग्नल पीसीआयमध्ये बदलणारी वेगळी ब्रिज चिप बसवलेली आहे असं समजायचं.

ब्रिज चिप म्हणजे वाईटच असं नाही. कित्येक पीसीआय एक्सप्रेस साउंड कार्डांवर जुनी पीसीआय चिपच असते आणि तिच्या शेजारी ब्रिज बसवलेला असतो. लोक ती वर्षानुवर्षं वापरतात. पण ब्रिज कुठला यावर सगळं अवलंबून असतं.

मी घेतलेल्या पहिल्या बोर्डावर असाच एक स्लॉट होता. कार्ड बसवलं, लगेच ओळखलं गेलं, आवाज स्वच्छ आला. दोन तास मी खुशीत होते. मग आत्याच्या आवाजाची एक जुनी कॅसेट लावली. ती पट्टी इतकी नाजूक झाली आहे की मी ती एकदाच पूर्ण फिरवायची ठरवली होती. चाळीसेक मिनिटं झाल्यावर पडद्यावरची लाट हलायची थांबली. डेक चालू, पट्टी पुढे सरकते आहे, आणि नोंद काहीच होत नाही. सिस्टिमच्या लॉगमध्ये एकच ओळ होती: आयआरक्यू, नोबडी केअर्ड. म्हणजे इंटरप्ट आला, पण कुणी दखलच घेतली नाही.

झालं होतं ते असं. पीसीआय कार्डाला प्रोसेसरचं लक्ष हवं असलं की ते इंटरप्टची तार खाली ओढून धरतं, आणि काम झालं की सोडतं. पीसीआय एक्सप्रेसमध्ये अशी तारच नाही. 'ओढली' आणि 'सोडली' असे दोन निरोप पाठवले जातात, आणि ते पाठवायचं काम ब्रिजचं. त्या ब्रिजकडून एखादा 'सोडली'चा निरोप पोचत नव्हता. मग इंटरप्ट सतत वाजत राहतो, ड्रायव्हर बघतो तर कार्डाला काहीच नको असतं. एक लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० हून जास्त असे बेवारस निघाले की लिनक्स कर्नेल ती लाइनच बंद करतो. आयआरक्यूपोल नावाचा एक पर्याय देऊन बघितला. रेकॉर्डिंग चालू राहिलं, पण सगळं मशीन जड झालं आणि मधूनमधून चरचर येऊ लागली. तो बोर्ड मी परत केला.

वेगाचा इथे काही संबंध नव्हता हे मुद्दाम सांगते, कारण मला सगळ्यांनी तेच सुचवलं होतं. आठ चॅनल, प्रत्येक नमुन्याला चार बाइट, सेकंदाला ९६,००० नमुने, मिळून सेकंदाला साधारण तीन एमबी. १३३ एमबीच्या रस्त्यावर हे काहीच नाही.

म्हणून पीसीआय स्लॉट असलेला बोर्ड घ्यायचाच असेल तर मॅन्युअलमधली ब्लॉक आकृती बघा. पीसीआय थेट चिपसेटमधून निघतं की मध्ये एखादा चौकोन आहे, हे तिथे स्पष्ट दिसतं. मध्ये चौकोन असेल तर त्या चिपचं नाव आणि तुमच्या कार्डाच्या चिपचं नाव एकत्र टाकून शोधा. बोर्ड हातात आल्यावर, परत करायची मुदत संपायच्या आत, कार्ड सलग दोन-तीन तास चालवून बघा. पाच मिनिटांच्या चाचणीत हा दोष दिसत नाही. आणि चाचणीला पुन्हा न मिळणारी कॅसेट लावू नका.

अ‍ॅडाप्टर आणि उणे १२ व्होल्ट

मग मी उलट्या बाजूने विचार केला. हवा तो चांगला बोर्ड घ्यायचा, पीसीआय स्लॉट नसला तरी चालेल, आणि साउंड कार्डापुरता पीसीआय एक्सप्रेसच्या सर्वांत छोट्या, एक्स१ स्लॉटमध्ये बसणारा अ‍ॅडाप्टर लावायचा. त्यावरही ब्रिज चिपच असते, पण ती आपल्याला निवडता येते. नाही जमली तर फक्त अ‍ॅडाप्टर बदलायचा, बोर्ड नाही. आज कुणी विचारलं तर मी हाच रस्ता आधी सांगते.

अ‍ॅडाप्टर घेण्याआधी कार्डाच्या कडेची खाच बघा. धातूच्या पट्टीपासून लांब एकच खाच असेल तर कार्ड ५ व्होल्टचं. पट्टीजवळ एकच असेल तर ३.३ व्होल्टचं. दोन्ही असतील तर दोन्हींत चालणारं. घरगुती बोर्डांवरचे स्लॉट सहसा ५ व्होल्टचे असतात, आणि अ‍ॅडाप्टरचा स्लॉट तुमच्या खाचेला जुळायला हवा. जोर लावून बसवायचं नाही.

पुढचा मुद्दा विजेचा. पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमधून १२ आणि ३.३ व्होल्ट मिळतात. पीसीआय कार्डाला त्याशिवाय ५ व्होल्ट लागतात, आणि काहींना उणे १२. पाच व्होल्ट बहुतेक अ‍ॅडाप्टर स्वतः तयार करतात किंवा एसएमपीएसच्या चार पिनांच्या जोडणीतून घेतात. उणे १२ मात्र अनेक जण देतच नाहीत. त्या चार पिनांच्या जोडणीतही ते नसतं.

माझ्या पहिल्या अ‍ॅडाप्टरवर कार्ड दिसलं, ड्रायव्हर चढला, आवाजही आला, पण कानाला टोचणारा. रेकॉर्डिंग मोठं करून बघितलं तर लाटेचा वरचा भाग गोल आणि खालचा चाकूने कापल्यासारखा सपाट. कार्डावरच्या अ‍ॅम्प्लिफायर चिपा अधिक १२ आणि उणे १२ या दोन्हींवर चालणाऱ्या होत्या, आणि त्यांना खालची बाजू मिळतच नव्हती.

तुमच्या कार्डाला उणे १२ लागतं का हे बसवण्याआधी बघता येतं. कार्ड टेबलदिव्याखाली धरा, सुटे भाग असलेली बाजू वर. सोनेरी संपर्कांच्या रांगेत धातूच्या पट्टीकडचा अगदी पहिला संपर्क उणे १२ चा. भिंगातून बघा, त्या संपर्कापासून तांब्याची रेघ निघून कुठे जाते का. माझ्या कार्डावर ती आजूबाजूच्या रेघांपेक्षा जाड होती आणि थेट एका कपॅसिटरपाशी जात होती. रेघच निघत नसेल, किंवा तिथे संपर्कच नसेल, तर कार्डाला त्याची गरज नाही. साध्या नेटवर्क कार्डांना सहसा नसते. चांगली साउंड कार्डं आणि काही जुनी सिरियल कार्डं यांना असते.

भिंग हातात आहेच तर संपर्क पुसूनही घ्या. मऊ पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने, एकाच दिशेने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने भुगा टिपून. खरखरीत खोडरबर नको, सोन्याचा थर फार पातळ असतो.

दुसरा अ‍ॅडाप्टर मी उणे १२ स्वतः तयार करणारा घेतला आणि कार्ड लावण्याआधी मोजला. काळी प्रोब कॅबिनेटच्या धातूला, लाल प्रोब अ‍ॅडाप्टरच्या खालच्या बाजूला पहिल्या संपर्काच्या टाक्यावर. स्लॉटच्या आत प्रोब घालू नका, निसटली की दोन संपर्क जोडले जातात. मीटरवर उणे ११.८ आलं. उणे १०.८ ते उणे १३.२ पर्यंत ठीक.

थेट स्लॉटमध्ये खुपसायच्या अ‍ॅडाप्टरने कार्ड बोटभर वर उचललं जातं आणि कॅबिनेटच्या मागच्या खिडकीत बसत नाही. म्हणून माझा केबलवाला आहे. छोटा तुकडा एक्स१ स्लॉटमध्ये, तिथून केबल, आणि पीसीआयचा स्लॉट वेगळ्या पट्टीवर, जी मी कॅबिनेटच्या तळाशी प्लॅस्टिकच्या टेकूंवर स्क्रूने बसवली आहे. ही केबल दिसायला यूएसबीसारखी असते, पण तिच्यातून पीसीआय एक्सप्रेसचे सिग्नल जातात. ती खऱ्या यूएसबी पोर्टमध्ये कधीही लावायची नाही. मी दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळून ठेवली आहे.

सिरियल आणि पॅरलल

सिरियल कार्डाचा प्रश्न मात्र अनपेक्षितपणे सुटला. नव्या बोर्डाच्या मागे सिरियल पोर्ट नव्हता, पण मॅन्युअल चाळताना बोर्डाच्या खालच्या कडेला 'कॉम' नावाचं नऊ पिनांचं हेडर, म्हणजे केबल लावायच्या पिनांचा गट, सापडलं. आजही बऱ्याच बोर्डांवर ते असतं, फक्त जाहिरातीत त्याचा उल्लेख नसतो. त्यावर पट्टीसह मिळणारी केबल लावली, बायोसमध्ये पोर्ट चालू केला, पत्ता ३एफ८, आयआरक्यू ४, अगदी पूर्वीसारखा. तरी यंत्र गप्पच.

या केबल दोन पद्धतींनी जोडलेल्या येतात आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. एका पद्धतीत बाहेरच्या पोर्टची पाचवी पिन, म्हणजे ग्राउंड, हेडरच्या पाचव्या पिनवर येते. दुसरीत नवव्या पिनवर. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून पाच नंबरची पिन कुठे वाजते ते बघा आणि बोर्डाच्या मॅन्युअलमधल्या आकृतीशी ताडा. माझी दुसऱ्या पद्धतीची निघाली. केबल बदलली आणि पहिलीच नोंद पडद्यावर आली.

हेडर नसेल तर पीसीआय एक्सप्रेसचं सिरियल कार्ड घ्या. यूएसबीचं कन्व्हर्टर साध्या नोंदींसाठी पुरतं, पण उत्तर ठरावीक वेळेत यावं लागणाऱ्या यंत्रांशी त्याचं जमत नाही. काही कन्व्हर्टरांत आलेले बाइट साठवून पुढे देण्याची वेळ मुळात १६ मिलिसेकंद ठेवलेली असते. ती ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये कमी करता येते, हे ध्यानात असू द्या.

पॅरलल पोर्टची गोष्ट वेगळी. माझ्या दिराचं छोटं मिलिंग मशीन त्यावर चालतं. यूएसबी-पॅरलल केबल फक्त प्रिंटरसाठी असते, तिच्या एकेका पिनवर आपल्याला हवा तो सिग्नल देता येत नाही, त्यामुळे ती इथे कुचकामी. पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल कार्ड चालतं, पण त्याचा पत्ता जुन्या ३७८ वर नसतो. त्याच्या प्रोग्रॅममध्ये पत्ता बदलता येतो म्हणून निभावलं. ३७८ हाच पत्ता गृहीत धरून लिहिलेला जुना डॉस प्रोग्रॅम असेल तर जुनं मशीन ठेवा.

जुनं मशीन आहे तसं ठेवणं

स्कझी कार्डाचं मी तेच केलं. स्कॅनरचा प्रोग्रॅम ३२-बिट विंडोज एक्सपीवर चालतो आणि माझ्या स्कॅनरसाठी दुसरा चांगला प्रोग्रॅम मला मिळाला नाही. शिवाय स्कझी कार्डावर स्वतःचा छोटा बायोस असतो. नव्या बोर्डांतून जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय, म्हणजे सीएसएम, निघून जात आहे आणि तिच्याशिवाय तो बायोस चालत नाही. ड्रायव्हर असेल तर ऑपरेटिंग सिस्टिम सुरू झाल्यावर कार्ड वापरता येतं, पण स्कझी डिस्कवरून बूट करता येत नाही.

मग बी७५ चा बोर्ड, प्रोसेसर, मेमरी आणि कार्ड असं सगळं एकत्रच ठेवलं. सुटे भाग काढून विकायचा मोह होतो, तो आवरा. प्रोसेसर गेला की बोर्ड नुसता पडून राहतो. ठेवायचंच तर नीट ठेवा. डिस्कची पूर्ण प्रतिमा घेऊन दुसऱ्या डिस्कवर साठवा. बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी बदला आणि बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. कपॅसिटरांची डोकी सपाट आहेत ना ते बघा, फुगलेली असतील तर आत्ताच बदलून घ्या. नेटवर्कची केबल काढून टाका. एक्सपीसारख्या सिस्टिमला सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, तिला इंटरनेटवर नेऊ नये. फाइली मी एका यूएसबी डिस्कवरून आणते. आणि महिन्यातून एकदा मशीन चालू करते.

नवा बोर्ड निवडताना

अ‍ॅडाप्टरला एक एक्स१ स्लॉट लागतो आणि आजकाल तोच दुर्मीळ होत चालला आहे. बोर्डाचा फोटो समोर ठेवून मोजा. तुमचं ग्राफिक्स कार्ड अडीच-तीन स्लॉट जाड असेल तर त्याच्याखालचे स्लॉट गेलेच. एटीएक्स बोर्डावर जास्तीत जास्त सात स्लॉटांची जागा असते, मायक्रो-एटीएक्सवर चार, मिनी-आयटीएक्सवर एकच. एक्स१ कार्ड एक्स१६ लांबीच्या स्लॉटमध्येही चालतं, त्यामुळे खालचा लांब स्लॉट मोकळा असेल तरी काम होतं.

मग मॅन्युअलमधल्या तळटीपा वाचा, विशेषतः 'अमुक एम.२ मध्ये डिस्क लावल्यास तमुक स्लॉट बंद होतो' अशा ओळी. माझ्या बोर्डावर तिसऱ्या एम.२ मध्ये डिस्क लावली की सर्वांत खालचा स्लॉट बंद होतो, म्हणून ती जागा मी मोकळीच ठेवली आहे.

एसएमपीएस बदलत असाल तर एटीएक्स१२व्हीओ प्रकारचा आहे का बघा. तो फक्त १२ व्होल्ट देतो, त्यातून ५ व्होल्टही येत नाहीत आणि उणे १२ ही नाही. उणे १२ स्वतः तयार करणारा अ‍ॅडाप्टर असेल तर त्यावाचून अडत नाही, पण त्याला ५ व्होल्ट बाहेरून लागत असतील तर ते कुठून देणार हे आधी ठरवा.

प्रत्यक्ष बदलाच्या दिवशी जुनं मशीन लगेच मोडू नका. नवा बोर्ड आधी एकाही जुन्या कार्डाशिवाय उभा करा, एक दिवस चालू द्या. मग अ‍ॅडाप्टर रिकामा लावा, व्होल्ट मोजा. मशीन बंद करून, एसएमपीएसची तार काढून, कार्ड बसवा. लॉग उघडा ठेवून तीन तासांचं रेकॉर्डिंग करा आणि शेवटी लाट मोठी करून वरची-खालची बाजू बघा.

मी हे सगळं केल्यावर तिसऱ्या दिवशी आत्याची कॅसेट पुन्हा लावली. एका बाजूची सत्तेचाळीस मिनिटं, मग दुसरी बाजू. लॉगमध्ये एकही नवी ओळ नव्हती.